न्यायिक विवेकाधिकाराच्या मर्यादा आणि न्यायमूर्तींचे उत्तरदायित्व : देसाईगंज प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

न्यायाधीश निर्भय असावा म्हणून भारतीय राज्यघटनेने त्याला स्वातंत्र्य दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात गंभीर दोष राहिल्यास त्याचा जाब कोणी व कसा विचारावा, हा प्रश्न त्या स्वातंत्र्यातूनच निर्माण होतो. या प्रश्नाचा विचार करताना आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) येथील घटना दुर्लक्षित करता येत नाही. १९७२ साली हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला.

घटना आणि तीन निकाल

२६ मार्च १९७२ रोजी रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीला भावाच्या तक्रारीसंदर्भात देसाईगंज पोलीस ठाण्यात आणण्यात आले. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबविण्यात आले. ठाण्यातील कॉन्स्टेबलवर बलात्काराचा व हेड कॉन्स्टेबलवर विनयभंगाचा आरोप ठेवण्यात आला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना निर्दोष ठरविले. शरीरसंबंध घडला, पण बलात्कार सिद्ध झाला नाही, असा या निकालाचा आशय होता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. असहाय्यपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून या न्यायालयाने एका आरोपीस पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची सक्तमजुरी दिली. मात्र १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम व न्या. कोशल यांच्या पीठाने दोघांनाही मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराचे कथन विश्वासार्ह नाही, हे त्या निर्णयाचे प्रमुख सूत्र होते.

तीनही न्यायालयांसमोरील पुरावा तोच होता. बदलली ती पुराव्याकडे पाहण्याची दृष्टी. विवेकाधिकाराचे खरे सामर्थ्य आणि खरा धोका येथेच दिसतो.

खुले पत्र : उत्तरदायित्वाचा नवा मार्ग

सत्र न्यायाधीशाचा निकाल उच्च न्यायालय तपासू शकते; शिवाय अनुच्छेद २३५ अन्वये जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत मात्र अनुच्छेद १३७ खालील पुनर्विलोकनाचाच मार्ग होता, आणि तोही त्याच न्यायालयापुढे. अनुच्छेद १२४(४) नुसार न्यायमूर्तींना पदावरून दूर करता येते ते सिद्ध गैरवर्तन वा असमर्थता या कारणांवरून. चुकीचा निकाल हे गैरवर्तन नव्हे, आणि तसे ते ठरू नये, हेच इष्ट आहे. अन्यथा निःपक्षपाती न्यायदान अशक्य होईल.

ही पोकळी १६ सप्टेंबर १९७९ च्या खुल्या पत्राने भरून काढली. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना ते लिहिले. महिलेस चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यास दंड प्रक्रिया संहितेने मनाई केली असताना न्यायालयाने त्याविषयी मौन का पाळले, शरणागती आणि संमती यांतील भेद का पाहिला नाही, असे प्रश्न त्यांनी विचारले. पत्राचा रोख न्यायमूर्तींच्या हेतूंवर नव्हता, त्यांच्या कारणमीमांसेवर होता. १९८० साली देशभरातील स्त्री संघटना या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या.

विधिमंडळीय मर्यादा

न्यायालयाने निकाल बदलला नाही. संसदेने कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४-अ समाविष्ट झाले. कलम ११४ खाली न्यायालयाला एखादी गोष्ट ‘गृहीत धरता येते’. नव्या कलमान्वये, कोठडीत शरीरसंबंध सिद्ध झाला व आपली संमती नव्हती असे पीडितेने न्यायालयात सांगितले, तर संमतीचा अभाव न्यायालयाने ‘गृहीत धरलाच पाहिजे’. एका क्रियापदाच्या बदलाने विवेकाधिकाराला बंधन आले. कोठडीतील बलात्कारास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली; ती कमी करण्यासाठी निकालपत्रात विशेष कारणे नमूद करणे आवश्यक झाले. २०१३ च्या दुरुस्तीने ही सवलतही काढून घेतली आणि केवळ शारीरिक प्रतिकार न करणे ही संमती मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांत ही तत्त्वे कायम आहेत.

न्यायमूर्तींच्या वर्तनाविषयीची यंत्रणा स्वतंत्रपणे विकसित झाली. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या राजीनाम्याशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत चौकशीची संकल्पना मांडली. १९९९ साली तिची कार्यपद्धती स्वीकारली गेली. परंतु ती वर्तनापुरती आहे, निकालापुरती नाही.

निष्कर्ष

न्यायमूर्तींना निकालासाठी दंडित करणे आणि निकालाची परखड चिकित्सा करणे यांत मूलभूत भेद आहे. पहिल्याने न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य धोक्यात येते. दुसऱ्याने तिची विश्वासार्हता वाढते. देसाईगंज प्रकरणाने हे सिद्ध केले की, सर्वोच्च न्यायालयाचे उत्तरदायित्व अखेरीस त्याने दिलेल्या कारणांतून, अभ्यासकांच्या चिकित्सेतून आणि संसदेच्या कायद्यातून साकार होते. मात्र या प्रक्रियेची गती संथ असते. जिच्यामुळे कायदा बदलला, तिच्या वाट्याला त्या कायद्याचा न्याय आला नाही. विवेकाधिकाराच्या मर्यादांची चर्चा करताना ही किंमत विसरता येणार नाही.