सुरतेच्या वखारीतले पवित्र शास्त्र

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राची सुरुवातच गटबाजीच्या तक्रारीने होते. कोणी स्वतःला या गुरूचा म्हणवतो, कोणी त्या गुरूचा. पुढे दहाव्या अध्यायात विषय येतो मोहाचा, आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात एकत्र जेवायला बसून एक उपाशी, दुसरा धुंद, अशा पंगतीचा. करिंथ हे दोन बंदरांचे, पैशाने आणि परदेशी माणसांनी भरलेले शहर होते. सतराव्या शतकातली सुरतही तशीच होती. मंडळीतली फूट आणि माणसाचा मोह हे एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत, हे सुरतेच्या ख्रिस्ती इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

इंग्रजांनी 1613 साली सुरतेत वखार थाटली. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच्या स्वयंपाक्याने आल्या आल्याच शोभा केली. एका आर्मेनियन ख्रिस्ती माणसाकडची दारू पिऊन तो रस्त्यावर आला आणि सुरतेच्या सुभेदाराच्या भावाला शिवी देऊन त्याच्या अंगावर धावून गेला. शिपायांनी त्याला पकडून कोठडीत टाकले. रोने निरोप धाडला, की या माणसाची आपण पाठराखण करणार नाही, योग्य ती शिक्षा करावी. सुभेदाराने त्याला काहीही इजा न करता परत पाठवले.

ही हकिकत लिहून ठेवली ती रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने. 1655 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात याहून बोचरा मजकूर आहे. ख्रिस्ती लोक फार पितात, मारझोड करतात, शिवीगाळ करतात, तेव्हा त्यांचा धर्म सैतानाचाच असला पाहिजे, असे इथले लोक उघड बोलत, हे त्याने नमूद केले आहे. बाजारात एखाद्याने मालाला अगदीच पडेल भाव मागितला, तर व्यापारी विचारी, फसवायला मी काय ख्रिस्ती वाटलो? टेरीने हे दडवले नाही, सौम्यही केले नाही. पाद्र्याने आपल्याच माणसांविरुद्ध दिलेली ही साक्ष त्या काळच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा मोलाची आहे. वखारीत वाचलेल्या शास्त्राची परीक्षा घेणारे लोक वखारीबाहेर बसले होते, हे त्याने ओळखले होते.

वखारीतले जिणे मठासारखे बांधलेले होते. एक दरवाजा, एक भोजनगृह, सकाळ-संध्याकाळ सक्तीची प्रार्थना. पगार तुटपुंजा, वय कोवळे, घर हजारो कोस दूर. मोहाला लागणारे सगळे सरपण तिथे तयार होते: शिराझची द्राक्षाची दारू, ताडी, पंच, जुगार, आणि सगळ्यांत मोठा मोह म्हणजे स्वतःचा खासगी व्यापार. सुरतेच्या वखारीत उमेदवारीची वर्षे काढलेल्या स्ट्रेनशम मास्टरने पुढे 1679 साली हुगळीच्या वखारीसाठी नियम घालून दिले. त्यांत दारूला दंड होता, शपथ वाहण्याला होता, खोटे बोलण्याला होता आणि प्रार्थना चुकवण्यालाही होता. दंडाने माणूस प्रार्थनेला हजर राहतो, एवढे खरे. त्याच्या मनाचे काय होते ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबवहीत सापडत नाही.

1689 साली आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन वखारीतल्या प्रार्थनागृहाचे वर्णन करतो. खोली नीटनेटकी, गंभीर, पण तिच्यात कुठल्याही सजीवाचे चित्र किंवा मूर्ती नाही, कारण मुसलमान शेजाऱ्यांचे मन दुखावू नये. शेजाऱ्याच्या सदसद्विवेकाला जपण्याची शिकवण त्याच करिंथकरांच्या पत्रात आहे. वखारीने ती एवढ्यापुरती तरी भिंतींवर उतरवली.

ख्रिस्ती शेजाऱ्याला मात्र इतके जपले जात नव्हते. इंग्रज आणि डच दोघेही प्रोटेस्टंट, तरी युरोपात त्यांची लागोपाठ युद्धे पेटत होती. ईर्ष्या मरणानंतरही टिकली. सुरतेच्या इंग्रज कबरस्तानात वखारीतल्या ऑक्सिंडेन बंधूंची भव्य घुमटी आहे, आणि तिच्यावर ताण करायची म्हणून डचांनी 1691 साली वारलेल्या आपल्या अधिकाऱ्याची, हेंड्रिक व्हान ऱ्हेडेची समाधी तशी उंच उभारली, असे सांगतात. आर्मेनियनांचे कबरस्तान वेगळे.

या फुटीत एक माणूस उठून दिसतो. फादर अँब्रोझ हे फ्रेंच कॅपुचिन संन्यासी होते. 1666 साली सुरतेत आलेला प्रवासी थेवेनो लिहितो, की ख्रिस्ती लोकांतली भांडणे हेच फादर मिटवत आणि मोगल अधिकारी त्यांच्या शब्दाला मान देत. त्यांच्यामागे ना कंपनी होती ना तोफा. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा कॅपुचिन पाद्र्यांच्या घराला धक्का लागू दिला नाही. ही माणसे भली आहेत, असे महाराजांनी म्हटल्याचे फ्रेंच प्रवासी बर्नियेने नोंदवले आहे. टेरीने ऐकलेल्या बाजारातल्या निंदेनंतर अर्ध्या शतकाच्या आत त्याच शहरात एका परक्या राजाने ख्रिस्ती माणसांना दिलेली ही पावती आहे.

एकोणिसाव्या शतकात फुटीच्या प्रश्नाने नवे रूप घेतले. 1815 साली लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी सुरतेत आले आणि त्यांनी गुजराती बायबल सिद्ध करून इथेच छापले. कुठल्याही एका पंथाची मंडळी-व्यवस्था लादायची नाही, हे या सोसायटीचे मूळ तत्त्व होते. पुढे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. या मिशनचा जन्मच एका मीलनातून झालेला: 1840 साली बेलफास्टमध्ये दोन विभक्त सभा एक झाल्या आणि त्याच सभेत ग्लासगो व कर यांना हिंदुस्थानात धाडण्याचे ठरले. गुजरातकडे बोट दाखवणारे होते मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन.

पुढची पावले मराठी वाचकाला जवळची. 1924 साली बनलेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. वाटाघाटी 40 वर्षांहून अधिक चालल्या होत्या. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, बिशप असावा की नसावा, असे शतकानुशतकांचे वाद त्यांत मिटवले गेले. हे काम लहान नव्हते.

मग दक्षिण गुजरातेत, वलसाड-व्यारा-अंकलेश्वरच्या पट्ट्यात, त्या सहांतल्या ब्रदरन मंडळीतले काही जण या मीलनातून बाहेर पडले. वाद चर्च आणि जमिनी कोणाच्या यावर आला. दावे सर्वोच्च न्यायालयात 2005 साली एकदा आणि 2013 साली पुन्हा पोहोचले. दुसऱ्या निकालात न्यायालयाने म्हटले, की या भागातल्या ब्रदरन मंडळीची, म्हणजे फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनची, मालमत्ता नुसत्या ठरावाने सीएनआयकडे जात नाही, त्यासाठी विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा स्वच्छ आहे. पण उपासनेचा नमुना आणि बाप्तिस्म्याची रीत यांवर ज्यांना तडजोड साधली, त्यांची जमीन आणि इमारतींवर साधली नाही. भावाने भावाला न्यायालयात खेचण्याविषयी पौलाने त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे, गटबाजी आणि मोह यांच्या बरोबर मध्ये.