कल्हई आणि पोलादाची नळी

वाचकहो, पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपल्या परभणीकडच्या आजीबाईंना कोणी शिकवावे लागले नाही. आंबट पदार्थ धातूला खातो आणि तो धातू ताकात उतरतो. म्हणून तर कल्हईवाला दारी यावयाचा. भांडे तापवून, नवसागर टाकून तो धातूवरचा काळा थर काढी आणि लगेच कथलाचा हात फिरवी. कोणते द्रव कोणत्या भांड्यात ठेवावे, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराने असा सोडविला होता.

पुढे प्रयोगशाळेतही हाच प्रश्न उभा राहिला. 1903 साली वॉर्सा येथे मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पदार्थ वेगळे करण्याची एक नवी रीत मांडली. काचेच्या नळीत खडूची पूड भरायची, तीत पानांचा अर्क ओतून वरून विद्रावक सोडायचा, की हिरवे-पिवळे पट्टे निरनिराळे होतात. 1906 साली त्याने हिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. काच या द्रवांना दाद देत नसे.

पण 1960 नंतर अतिबारीक भुकटीतून द्रव मोठ्या दाबाने रेटण्याची यंत्रे निघाली आणि काचेच्या जागी स्टेनलेस स्टील आले. या पोलादाला राखतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा. आता गंमत पाहा! नवसागर म्हणजे क्लोराइडच. भांड्यावरचा थर काढणारा हा मित्र पोलादाच्या पापुद्र्याचा मात्र वैरी. आम्लात क्लोराइड मिसळले असेल, तर पोलादाला बारीक खड्डे पडतात आणि लोखंड द्रवात उतरते. म्हणजे ताकच कळकले म्हणा ना! मग औषधाची किंवा धान्यावरील कीटकनाशकाची पारख खोटी ठरू शकते.

1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतीचे रसायनशास्त्र शिकणारी आपली मुले आज अशी यंत्रे हाताळतात. एके ठिकाणी असे एक महागडे यंत्र मी धूळ खात पडलेले पाहिले. कारण एवढेच, की संध्याकाळी ते कोणी धुतले नव्हते. क्षारांचे पाणी आत असेल तर आधी साध्या शुद्ध पाण्याने धुवावे, मगच मेथॅनॉल सोडावे. क्रम चुकला की क्षारांचे खडे होऊन नळी तुंबते.

कल्हईवाले आता क्वचित दिसतात. पण भांडे ओळखून द्रव ओतावे आणि काम संपताच भांडे धुवावे, हा आजीचा नियम अजून सुटलेला नाही.