कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुणे व पिंपरी-चिंचवड या जोडशहरांतील कचरावेचक आणि फिरत्या भंगार खरेदीदारांची कामगार संघटना आहे. तिची स्थापना १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली झाली. विद्यापीठ, कामगार चळवळ, महापालिका आणि कचरावेचक स्त्रिया यांनी एकत्र येऊन नागरी प्रश्न हाताळल्याचे उदाहरण म्हणून तिचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील असून १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबेही त्यांत आहेत. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या स्त्रियांमध्ये काम करू लागल्या. वर्गीकरण केलेला कचरा थेट घरांतून मिळाल्यास उकिरडा उपसावा लागत नाही आणि मालाला भावही बरा येतो, हे लवकरच दिसून आले. मात्र एका खासगी व्यावसायिकाने घरोघर गाडी फिरवण्यास सुरुवात करताच ही मिळकत धोक्यात आली. स्त्रियांनी विरोध केला. कचऱ्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

कार्य

दोन्ही महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. बाहेरच्या वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल. परंतु पहाटे पोत्यासह दिसणाऱ्या स्त्रीला चोर समजले जात असे, तेथे या कार्डाचे मोल मोठे होते. पुढे पतसंस्था उभी राहिली व पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी आरोग्य विमा सुरू केला.

यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था निर्माण झाली. २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. कचरावेचक घरोघर जाऊन ओला व सुका कचरा गोळा करते, त्याबद्दल प्रत्येक घराकडून मासिक शुल्क घेते आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल स्वतः विकते. ढकलगाड्या, हातमोजे आणि व्यवस्थापनाचा खर्च महापालिकेकडे असतो. उत्पन्नाचे हे दोन स्रोत एकत्र असल्यामुळेच व्यवस्था तगते. सुका माल काढून घेतला, तर उरलेल्या शुल्कात घर चालवणे अवघड आहे.

पिंपरी-चिंचवडमधील स्थिती

‘स्वच्छ’ने या शहराच्या काही भागांतही काम केले. येथे पुढे घरोघरच्या संकलनात ठेकेदारांच्या वाहनांचा वाटा प्रमुख राहिला. ठेकेदाराच्या गाडीवर काम करणाऱ्याला वेतन मिळते, पण कचऱ्यावरचा हक्क नव्हे. त्यामुळे संघटनेची लढाई येथे किमान वेतनाकडेही वळली. चाकण-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांचे भंगार ही आणखी निराळी बाब आहे: ते ठेक्याने उचलले जाते आणि वस्तीतील कचरावेचकांच्या हाती सहसा लागत नाही.

मोशी येथील कचऱ्यापासून वीजनिर्मिती करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. त्याची क्षमता वर्षाला सुमारे २.५ लाख टन कचरा वापरण्याची आहे. जळण म्हणून उपयोगी पडणारा कागद आणि प्लॅस्टिक हाच कचरावेचकांच्याही विक्रीचा माल आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले होते.