बुबुळावरचें कोरीव काम

ज्याला दहा हातांपलीकडचा चेहरा ओळखूं येत नाहीं, अशा माणसाची अडचण फार जुनी आहे. परंतु तिचें कारण कळण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें. योहानेस केप्लर या ज्योतिर्विदानें १६०४ सालीं आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत असें दाखविलें कीं, ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यांत दूरच्या वस्तूंपासून येणारे किरण दृष्टिपटलावर पोंचण्यापूर्वींच एकत्र येतात, आणि पटलावर पडते ती केवळ पुसट छाया. अंतर्गोल भिंगाचा चष्मा लोक त्यापूर्वींच वापरीत होते. तो उपयोगी कां पडतो, हें केप्लरनें सांगितलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. असा डोळा सहसा रोगट नसतो. बहुधा तो पुढून मागें किंचित् लांब असतो, एवढेंच. चष्मा लावला कीं त्याला चांगलें दिसतें. तेव्हां चष्मा घालविण्यासाठीं त्यावर शस्त्र चालविणें म्हणजे धडधाकट अवयवाला हात लावणें होय. या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास या एका धास्तीभोंवतीं फिरत आला आहे.

डोळ्याची लांबी कमी करणें शक्य नव्हतें. परंतु किरणांना वळविण्याचें बहुतेक काम बुबुळावरचा पारदर्शक पडदाच करतो. शास्त्रीय भाषेंत त्याला स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. त्याचा फुगवटा थोडा सपाट करतां आला, तर किरण मागें सरकून बरोबर दृष्टिपटलावर येतील, हा हिशेब साधा होता. टोकियोचे नेत्रवैद्य त्सुतोमु सातो यांना त्याची वाट १९३० नंतरच्या दशकांत एका विकारानें दाखविली. स्वच्छमंडल शंकूसारखें पुढें येण्याचा जो रोग आहे, त्यांत आंतलें अस्तर कधीं कधीं आपोआप फाटतें, आणि तो व्रण भरल्यावर फुगवटा उतरलेला आढळतो. निसर्ग जें अपघातानें करतो, तें सुरीनें कां करूं नये? सातोंनीं स्वच्छमंडलाला आंतून व बाहेरून बारीक चिरा देण्यास आरंभ केला. चष्म्याचे नंबर उतरले, आणि शेंकडो डोळ्यांवर ही क्रिया झाली.

त्या आंतल्या अस्तरावर पेशींचा एकेरी थर असतो. स्वच्छमंडलांत पाणी साचूं न देणें हें त्याचें काम. आणि मनुष्याच्या डोळ्यांतील या पेशी एकदां मेल्या कीं त्यांच्या जागीं नव्या येत नाहींत. सातोंच्या काळीं या थराचें महत्त्व कळलेलें नव्हतें. चष्मा टाकून तरुण मंडळी आनंदानें घरीं गेली, संसाराला लागली; आणि सुमारें वीस वर्षांनीं त्यांतील अनेकांचीं स्वच्छमंडलें सुजून गढूळ झालीं. सातोंना दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. ज्या क्रियेचा निकाल वीस वर्षांनीं लागावयाचा, तिची परीक्षा दोन वर्षांत कोण घेणार?

पुढें १९७० नंतर मॉस्कोंत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनीं आंतला थर अजिबात न दुखवितां केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चिरा देण्याची पद्धति रूढ केली. त्यांच्या संस्थेंत रुग्णांचीं टेबलें कारखान्यांतील मालाप्रमाणें एका शल्यवैद्याकडून दुसऱ्याकडे सरकत, आणि प्रत्येकजण आपल्या वांट्याचें तेवढेंच काम करी! ही पद्धति अमेरिकेंत गेली. तेथें दहा वर्षें चाललेल्या एका पाहणींत शेंकडा ४३ डोळ्यांचा नंबर हळूहळू एक किंवा अधिक अंकांनीं उलट दिशेला सरकल्याचें आढळलें. चिरा भरल्या होत्या. पडद्याचा मूळचा घट्टपणा मात्र परत आला नव्हता.

चिरण्याऐवजीं कोरावें, ही कल्पना होसे इग्नासिओ बाराकेर यांची. मूळचे बार्सिलोनाचे हे नेत्रवैद्य कोलंबियाच्या बोगोटा शहरीं स्थायिक झाले. १९४९ सालीं त्यांनीं ती प्रथम मांडली: स्वच्छमंडलाची पुढची चकती कापून घ्यावी, गोठवावी, कातकाम करणाऱ्या यंत्रावर भिंगासारखी घासावी आणि पुन्हा जागेवर शिवावी. विचार उत्तम, पण हात फारच थोड्यांचा बसे. हवें होतें तें अधिक नाजूक हत्यार.

तें डोळ्यांच्या दवाखान्यांत सांपडलें नाहीं. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स येथील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे शास्त्रज्ञ अतिनील किरणांच्या लेसरवर काम करीत होते. श्रीनिवासन हे मद्रासचे. नोव्हेंबर १९८१ मध्यें अमेरिकेंतील कृतज्ञतेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २७ तारखेला, त्यांनीं घरच्या मेजवानींतून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेंत नेला व त्याच्या कूर्चेवर तो किरण सोडला. हिरव्या लेसरनें मांस करपत असे. या किरणानें मात्र रेखीव खांच पडली आणि कडा जशाच्या तशा राहिल्या. कारण हा किरण मुख्यतः जाळीत नाहीं. तो रेणूंचे बंध तोडतो, आणि सुटलेले कण उष्णता घेऊनच उडून जातात. एका झोतांत मायक्रॉनच्या चतुर्थांशाइतकाच थर निघतो. उणे तीन नंबर घालविण्यास, सहा मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळांत, मध्यभागीं अवघे ३६ मायक्रॉन पुरतात. शिळ्या मेजवानीचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

कोलंबिया विद्यापीठांतील नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनीं श्रीनिवासन यांच्याबरोबर जनावरांच्या काढलेल्या डोळ्यांवर प्रयोग करून १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर हें करून पाहण्याचें धाडस कोणीं करावें? न्यू ऑर्लीन्स येथील एका वृद्ध स्त्रीच्या डोळ्याच्या खोबणींत कर्करोग झाला होता. डोळ्याला चांगलें दिसत होतें, पण तो काढून टाकणें भाग होतें. जाण्यापूर्वीं तो शास्त्राच्या उपयोगीं पडावा म्हणून ती आपण होऊन पुढें आली. मार्च १९८८ मध्यें मार्गेरीट मॅकडोनल्ड यांनीं त्यावर लेसर चालविला. कांहीं दिवसांनीं तो डोळा काढण्यांत आला, आणि जखम कशी भरते हें मानवी डोळ्यांत प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. पदकें व मानपत्रें पुढें पुष्कळांना मिळालीं. या बाईंचें ऋण त्यांहून कमी नाहीं.

यानंतरचा भाग झपाट्याचा आहे. वरचा थर खरवडून लेसर लावल्यास वेदना होत व दृष्टि सावकाश येई. क्रीट बेटावरील इयोआनिस पालिकारिस यांनीं १९९० च्या सुमारास बाराकेर यांची चकती पुस्तकाच्या पानासारखी एका कडेला जोडलेली ठेवली, खालीं लेसर चालविला आणि पान पुन्हा मिटलें. हेंच लॅसिक. पुढें पान कापण्याचें कामही पात्याऐवजीं दुसऱ्या लेसरकडे गेलें.

धास्ती अगदींच संपली असें नाहीं. कांहींचे डोळे कोरडे पडतात, रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. पातळ किंवा आधींच कमकुवत स्वच्छमंडल क्वचित् पुढें झुकतें, म्हणून आज आधीं त्याची जाडी व घडण मोजून अनेकांना परत पाठविलें जातें. शिवाय लेसरनें नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाहीं. लांब डोळ्याचें दृष्टिपटल सुटण्याचें भय पूर्वींइतकेंच राहतें. चाळिशीनंतर वाचण्यासाठीं चष्मा लागतो तो लागतोच. आणि म्हातारपणीं मोतीबिंदु काढून कृत्रिम भिंग बसवावयाची वेळ आली, म्हणजे कोरलेल्या स्वच्छमंडलाला नेहमींचें गणित लागू पडत नाहीं. मूळचा फुगवटा किती होता, हें ठाऊक असल्यास शल्यवैद्याला मदत होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच्या मोजमापांचे कागद घरांत तीस-चाळीस वर्षें जपून ठेवावे लागतात.