पँटीतली माया

मंडळी, मागच्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला चंद्रपूरला गेलो होतो. मे महिना आणि चंद्रपूर! हापिसातल्या पुणेकरांनी सुट्टीचा अर्ज वाचूनच हात जोडले. पारा ४५ च्या वर, आणि मी शहाण्यासारखी सोबत नेलेली स्किनी जीन्स. एके काळी तिच्यात मी बरा दिसायचो, असा माझा समज आहे. आता मात्र बटण लावायचं तर श्वास रोखावा लागतो, आणि एकदा लावल्यावर सोडायची सोय नाही.

बारावीतल्या भाच्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मामा, एवढी टाइट पँट कोण घालते आता?" त्याची स्वतःची पँट इतकी ढगळ की तिच्यात असे दोन भाचे मावले असते. गंमत म्हणजे २०१२-१३ च्या सुमारास हीच फॅशन नवीन असताना मी अशीच जीन्स घालून याच घरात आलो होतो, तेव्हा आजी म्हणाली होती, "हे काय बाप्पा, पायावरच शिवून घेतली का?" म्हणजे आजी आणि पणतू यांचं एकमत, मध्ये फक्त मीच अडकलेला. :)

लग्न दोन दिवसांवर, म्हणून गोल बाजाराकडे आमच्या जुन्या टेलरकाकांकडे गेलो. म्हटलं, काका, कंबर आणि मांडी जरा सोडून द्या. बाबांनीही त्यांच्या दोन जुन्या पँटी पिशवीत घालून दिल्या होत्या. काकांनी माझी जीन्स उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "यात मायाच नायी ना बाबू! कुठून सोडू?"

ज्यांनी आयुष्यभर रेडिमेडच घातलंय त्यांच्यासाठी सांगतो. शिंपी कापड कापताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो. वरून ते दिसत नाही. पोरगं वाढलं, माणूस सुटला, की शिवण उसवून तेवढं कापड बाहेर काढता येतं. त्याला म्हणतात माया. मराठीत हा शब्द या अर्थाने कोणी पहिल्यांदा वापरला कोण जाणे, पण त्याला सलाम! माझ्या जीन्सच्या आत मायेच्या जागी ओव्हरलॉकची बारीक दोरी होती. बस्स.

पुण्याला परत आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मग दोन-तीन विकांत हाच उद्योग केला. पँटी अरुंद का होतात आणि परत रुंद का होतात? नेहमीचं उत्तर असं की फॅशन गोल फिरते. ते खोटं नाही. पण शिवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर दोन दिशा सारख्या नाहीत. रुंद पँट अरुंद करणं सोपं, आत टीप मारली की झालं. अरुंदाची रुंद करायला मात्र आत काहीतरी ठेवलेलं असावं लागतं. नाहीतर नवीन विकत घ्या.

आता जरा मागे जाऊ. माझ्या पणजोबांची मूल तालुक्यात धानाची शेती. त्यांच्या पिढीपर्यंत हा प्रश्नच नव्हता, कारण धोतराला फिटिंग नसतं. चार-साडेचार मीटर कापड. लग्नात पायघोळ सोडायचं, रोवणीला बांधीत उतरताना गुडघ्यावर खोचायचं. पोट वाढलं तर निऱ्या कमी, आजारपणात वाळलं तर निऱ्या जास्त. सगळीच्या सगळी मायाच म्हणा ना! जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचं मिलचं कापड हाताशी आलं. (ती मिल २००२ मध्ये बंद पडली.) पण मिलचं धोतर हेही शेवटी न शिवलेलं कापडच.

पँट आली ती कचेरीबरोबर. तलाठी, फॉरेस्ट गार्ड, पोलीस, मास्तर. जंगलाच्या पट्ट्यात तर 'फुलपँटवाला' दिसला म्हणजे सरकार आलं, इतकं साधं समीकरण. आणि पँट अंगाबरोबर आपोआप बदलत नाही. तिला बदलायला शिंपी लागतो. म्हणून माया.

पँटीच्या घेराचा आणि कापडाच्या टंचाईचा संबंध किती जवळचा, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. अमेरिकेत १९४२ साली सरकारने कपड्यात किती कापड वापरायचं यावर बंधनं घातली. त्याच काळात तिथली मेक्सिकन आणि काळी तरुण मुलं 'झूट सूट' घालायची, म्हणजे लांब कोट आणि मांडीत प्रचंड ढगळ, घोट्यापाशी आवळलेली पँट. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाविकांच्या टोळ्यांनी अशा पोरांना गाठून मारलं, अंगावरचे सूट फाडले. देशात टंचाई असताना ही पोरं कापड उधळतात, असा राग. निदान सांगायचं कारण तरी तेच. ढगळ पँटीवरून दंगल! त्याच वर्षी, १९४३ मध्ये, आपल्याकडेही सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. जुन्या लोकांच्या तोंडी 'कंट्रोलचं कापड' हे शब्द येतात, त्याची सुरुवात इथली.

स्वातंत्र्यानंतर आलं ड्रेनपाइप, म्हणजे नळकांड्यासारखी अरुंद पँट. मग सत्तरच्या दशकात एकदम बेलबॉटम. म्हणजे आत्ता जे चाललंय तेच, अरुंदाकडून रुंदाकडे. तेव्हा अमेरिकेतल्या हिप्पी पोरांनी काय केलं? जुन्या जीन्सची बाजूची शिवण खालून उसवली आणि मध्ये तिकोनी कापड जोडलं. आपल्याकडे परकराला घेर यावा म्हणून कळी घालतात, अगदी तसंच. फॅशन बदलली तरी पँट तीच! बाबांचा १९७९ चा लग्नाचा फोटो आहे. त्यात त्यांची बेलबॉटम एवढी रुंद आहे की पायात बूट आहेत की चपला ते आजतागायत कळलेलं नाही. ऐंशीच्या दशकात फॅशन ओसरल्यावर याच टेलरकाकांनी (तेव्हा ते त्यांच्या वडिलांच्या हाताखाली शिकत होते) ती आत घेऊन दिली, आणि बाबा ती ड्युटीवर घालून गेले.

रेडिमेड जीन्स आमच्याकडे आली तीसुद्धा आधी शिंप्याला वगळून नाही, हे मला नव्याने कळलं. नव्वदच्या दशकात अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' काढली. जाहिरातीत अक्षय कुमार. दोनशे रुपयांच्या आत एक पाकीट मिळायचं. त्यात डेनिमचं कापड, चेन, रिव्हेट आणि मागे लावायचा चामड्याचा बिल्ला. शिवायची मात्र आपल्या शिंप्याकडून. त्यासाठी कंपनीने गावोगावचे हजारो टेलर जोडून घेतले होते. मी शाळेत असताना अशी एक जीन्स मलाही शिवून मिळाली होती. आई टेलरकाकांना म्हणाली होती, "वाढतं अंग आहे, दोन इंच माया सोडा." चेन्नई-दिल्लीतल्या मॅनेजमेंटच्या पोरांना ती केस स्टडी म्हणून वाचावी लागते. मी ती नेसलोय!

मग आली स्किनी. तिच्या मागे दोन गोष्टी. एक धागा आणि एक माणूस. धागा म्हणजे इलास्टेन ऊर्फ लायक्रा. ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तो तयार केला. डेनिममध्ये हा ताणला जाणारा धागा शेकडा दोन-तीन मिसळला की पँट कातडीसारखी चिकटते आणि तरी उकिडवं बसता येतं. माणूस म्हणजे हेडी स्लिमान. २००० ते २००७ या काळात 'डिऑर'च्या पुरुषांच्या कपड्यांची सूत्रं त्याच्याकडे होती, आणि त्याने काड्यांसारख्या पोरांवर काड्यांसारख्या पँटी चढवल्या. कार्ल लागरफेल्डसारखा नावाजलेला, वयस्क डिझायनर त्या कपड्यांत मावण्यासाठी सुमारे ४२ किलो वजन उतरवून बसला. इथे मला थांबावंसं वाटतं. धोतर माणसाप्रमाणे बदलायचं. शिंप्याची पँट माणसाबरोबर थोडी बदलायची. स्किनीपाशी येऊन माणसाने पँटीप्रमाणे बदलायचं ठरलं.

आणि लायक्रा ताणते म्हटल्यावर माया कशाला? कारखान्यात दर पँटीमागे इंचभर कापड वाचलं तर लाखो पँटींमागे किती, हा हिशोब कुठलाही प्रोग्रामर चुटकीसरशी मांडेल. बफर काढून टाका, परफॉर्मन्स वाढतो. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तोवर.

पण आमच्या भागाची गोष्ट इथे संपत नाही, कारण आमच्याकडे कपड्याचा इतिहास उलट्या बाजूनेही घडलाय. २२ सप्टेंबर १९२१ ला गांधीजींनी मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं. गरिबाला पूर्ण कपड्यापुरती खादी परवडत नसेल तर आपण तरी जास्त का घालावी, हा विचार. १९३६ मध्ये ते आमच्या चांदा जिल्ह्यातल्या सावलीला गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी येऊन राहिले होते. सावली हे खादीचं गाव. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते तेव्हा अगदी शौकीन गृहस्थ. पुढे आनंदवन उभं केलं आणि कपडे उरले खादीची बंडी आणि अर्धी चड्डी.

मग २३ डिसेंबर १९७३. बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. (तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला.) आजूबाजूची माडिया मंडळी लंगोटीवर, थंडीत शेकोटीच्या आधाराने रात्र काढणारी, आणि कपडेवाल्या परक्या माणसाला बिचकणारी. डॉ. प्रकाश आमट्यांनी पँट-शर्ट सोडला, पांढरी बनियन आणि अर्धी पँट एवढंच ठेवलं. २००८ मध्ये मंदाताईंसोबत मॅगसेसे मिळालं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला हा वेष माहीत झाला. आपण त्याला साधेपणा म्हणून मोकळे होतो. मला त्यात अंतर मोजणारा माणूस दिसतो. फुलपँट आणि लंगोटी यांच्यात अंतर आहे, आणि ते कमी करायचं तर समोरच्याला आधी पँट नेसवायची, की आपण आपली कापायची? त्यांनी आपली कापली.

यावरून 'आदिवासींनी लंगोटीच घालावी' असा अर्थ कृपा करून काढू नका. भामरागडच्या बाजारात आज जीन्स-टीशर्टमधली माडिया पोरं दिसतात, आणि काय घालायचं हे ठरवायचा हक्क माझ्या भाच्याला आहे तेवढाच त्यांना आहे.

आता पुन्हा भाच्याकडे येतो. त्याची ढगळ पँट मला मनापासून आवडली. चंद्रपूरच्या उन्हात तीच शहाणपणाची. पण परवानगी घेऊन मी ती उलटी करून बघितली. आत तीच बारीक ओव्हरलॉक. बाहेरून ऐसपैस, आत माया नाही. म्हणजे फॅशन पुन्हा फिरली की हीसुद्धा टाकायची. नाही म्हणायला आत घेता येईल, पण ती घेणारे हात तेव्हा असतील का? टेलरकाकांचा मुलगा नागपूरला बँकेत आहे. काका आता नवीन शिवत नाहीत, फक्त अल्टरेशन.

लग्नाच्या आदल्या दिवशी पिशवी आणायला गेलो. माझी जीन्स जशीच्या तशी परत. बाबांच्या पँटी मात्र तयार होत्या. मी त्या द्यायला गेलो तेव्हा विचारलंच नव्हतं की करायचं काय आहे. बाबांचं वजन गेल्या वर्षीच्या आजारपणात चौदा किलो उतरलंय. काकांनी कंबर आत घेतली होती. पँट उलटी करून त्यांनी मला दाखवलं. कापडावर जुन्या टिपांच्या तीन रेघा होत्या. एक शिवली तेव्हाची, दोन बाबा सुटत गेले तेव्हाच्या. आणि आता सगळ्यांच्या आत चौथी, नवीन.

म्हटलं, काका, आतलं जास्तीचं कापड कापलं नाही?

"कापाचं कायले? तब्येत सुधरली का मंग लागन ना."

बाबांनी लग्नात तीच घातली. मी भाच्याची एक ढगळ पँट मागून घेतली. फोटो आलेत, पण ते इथे टाकणार नाही. :) असो. या विकांताला एवढंच.