नीराची सुटका कुणी केली?

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ साली पडद्यावर आला, तेव्हा जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांचं ‘शारदा’ नाटक १८९९ सालचं. त्यात म्हाताऱ्या श्रीमंताशी ठरलेलं लग्न मोडतं, ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलगी सुटते खरी, पण शास्त्राच्या कृपेनं!

‘कुंकू’चे दिग्दर्शक शांताराम यांची नायिका नीरा असल्या कृपेची वाट बघत नाही. मामानं फसवून तिला वयस्कर वकील काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेलं असतं. ती त्याच घरात राहते आणि या नवऱ्याला नवरा मानायचं साफ नाकारते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो, तेव्हा हातात छडी घेऊन त्याला फोडून काढते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले आवाज एवढ्यावर म्हातारपण आणि कोंडी दोन्ही ऐकू येतात. नीराच्या बाजूनं उभी राहणारी काकासाहेबांची समाजसेविका लेक शकुंतला परांजपे यांनी केली. पुढे संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलं ते त्यांनीच.

शेवट मात्र हात आखडता घेतो. काकासाहेबांना उपरती होते, ते जीव देतात, आणि नीराला पुनर्विवाहाची मोकळीक देणारं पत्र मागे ठेवतात. बंड तिचं, सुटका त्यांच्या सहीनं.

नीरा झालेल्या शांता आपटे यांनी दोनच वर्षांनी, १९३९ साली, कराराच्या वादातून प्रभातच्याच फाटकाशी उपोषण मांडलं. तिथे पटकथेत बदल करायला कुणी दिग्दर्शक नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तकही लिहिलं.

नीराचा हा प्रश्न पडद्यावर पुढे कुठे गेला? सत्तरच्या दशकात मराठीत उघडउघड राजकीय चित्रपट आले. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) यांत साखर कारखान्यापासून मंत्रालयापर्यंत सारं आहे. पण डावपेच पुरुषांचे, बायका कडेला. त्याच पटेलांनी १९८२ साली ‘उंबरठा’ केला. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथे आमदाराचे हात कुठवर पोचलेत ते तिला दिसतं. घरी परतते, तर वकील नवऱ्यानं दुसरी बाई जोडलेली. तो खलनायक नाही, चांगला शिकलेला, मवाळ गृहस्थ आहे. म्हणून तो आमदारापेक्षा जास्त खुपतो. सुलभा कुणाच्या पत्राची वाट न बघता घर सोडते. ‘शारदा’, ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ या तिन्हींत मूळ गोष्ट बाईच्या लेखणीतून आली ती एकच: ‘उंबरठा’मागची शांता निसळ यांची ‘बेघर’ कादंबरी.