हरिश्चंद्राचं रान: आपण नक्की कोणती फिल्म बघतोय?

आजचा एपिसोड कुसगावातून, घरच्या गच्चीवरून. मागे एक्सप्रेसवेचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

इथून जवळच मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना तिथे होता, आणि त्याची फोटो-लिथोची कामं करायला दादासाहेब फाळके लोणावळ्यात राहत होते. पुढे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

पण यूट्यूबवर 'भारताची पहिली फिल्म' म्हणून आपण जे बघतो ना, ते बहुधा ती फिल्म नाहीच!

मूळ फिल्म चार रिळांची, साधारण ३,७०० फूट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत फक्त दोन रिळं, पहिलं आणि शेवटचं. पी. के. नायर यांनी ती फाळके कुटुंबाकडून मिळवली, म्हणून निदान तेवढी तरी राहिली. काही अभ्यासकांनी मांडलं, की ही रिळं १९१७ च्या 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'ची आहेत. म्हणजे फाळक्यांनी स्वतःच्याच फिल्मचा केलेला रिमेक. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. मला पटतं. प्रिंट ही वापरून झिजणारी वस्तू. गावोगाव फिरलेली जुनी प्रिंट संपणार आणि मागे राहणार ती नवी. आमच्या कामात सर्व्हरवर शेवटचा बिल्डच उरतो, तसंच.

आता ते पहिलं रीळ बघा. राजा शिकारीला रानात जातो. बायकांचा आक्रोश ऐकून धावतो आणि विश्वामित्राच्या यज्ञात नको तिथे हात घालतो. सगळी गोष्ट या एका रानातल्या चुकीवर उभी आहे. मागची झाडं खरी, ऊन खरं. आणि ज्वाळांमध्ये दिसणाऱ्या त्या तीन शक्ती! सगळी करामत कॅमेऱ्यातली. मी हा तुकडा किती वेळा मागे-पुढे केला असेल, मोजलं नाही.

माझी तक्रार एवढीच, की हे काम १९१७ चं असेल तर त्याचं श्रेय १९१३ च्या नावावर जमा होतंय. रिमेक म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथे तर रिमेकला स्वतःचं नावसुद्धा मिळत नाही.

माझ्या हार्ड डिस्कवर जुन्या मराठी फिल्मचा एक फोल्डर आहे. त्यातल्या या फाइलचं नाव मी परवा बदललं: 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र, १९१७'. पुढे एक प्रश्नचिन्ह ठेवलंय.